टॅरिफच्या धांदलीत मुदतीआधी निवडणूक: फोर्ड आणि कार्नींनी केलं ते बरोबर होतं का?

नायगराकाठी

१७ नोव्हेंबर २०२५ ला ओटावात (कॅनडाच्या राजधानीत) पंतप्रधान कार्नींचं बजेट १७० विरुद्ध १६८ असं काठावर पास झालं. दोन-चार मतं इकडची तिकडे झाली असती तर ऐन थंडीत परत निवडणूक, म्हणजे आम्हा ओंटारियोवाल्यांची वर्षभरातली तिसरी. आणि आधीच्या दोन्ही निवडणुका सरकारने स्वतःहून, मुदत बाकी असताना लावलेल्या. तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात. ओंटारियो प्रांतात प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डग फोर्डकडे २०२२ च्या ८३ जागा होत्या, बहुमत भक्कम, पुढची निवडणूक जून २०२६ ला. तरी जानेवारी २०२५ च्या शेवटी विधानसभा बरखास्त केली, कारण काय तर ट्रम्पच्या टॅरिफशी, म्हणजे आयात करांशी, लढायला जनतेचा कौल हवा. २७ फेब्रुवारीला मतदान झालं आणि जागा आल्या ८०. जवळजवळ १८९ मिलियन डॉलर खर्चून तीन जागा कमी! देशपातळीवर तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडोंनी ६ जानेवारीला राजीनामा जाहीर केला, संसद २४ मार्चपर्यंत स्थगित, कार्नी ९ मार्चला लिबरल पक्षाचे नेते झाले, १४ ला पंतप्रधान आणि २३ ला लगेच निवडणूक जाहीर, २८ एप्रिलला मतदान. कायद्याने ठरलेली तारीख होती २० ऑक्टोबर.

माझं म्हणणं सरळ आहे. लोकांच्या नोकऱ्या टांगणीला असताना सरकारने गप कामाला लागावं, कौल मागत फिरू नये. डिसेंबरच्या मध्याला उठलेलं कॅनडाचं लोकसभागृह परत बसलं ते थेट २६ मेला. ४ मार्चला टॅरिफ लागू झाले, दोन दिवसांत अर्धेमुर्धे मागे घेतले, मग स्टील-ॲल्युमिनियम, मग गाड्या, आणि या सगळ्या काळात सरकारला एक प्रश्न विचारायला सभागृहच नाही. याला लोकशाही म्हणायचं?

हॅमिल्टनचा_बंड्या

साफ असहमत. भाऊ, तुम्ही फोर्ड आणि कार्नी एकाच पंगतीत बसवताय ते चुकतंय. फोर्डचं सोडा, ती संधी साधणं होतं, पण कार्नी पंतप्रधान झाला तेव्हा तो खासदारसुद्धा नव्हता हो. आयुष्यात कधी कुठली निवडणूक लढवलेली नाही, पक्षाच्या सभासदांनी निवडला आणि बसला खुर्चीत. असा माणूस ट्रम्पशी बोलायला गेला असता तर समोरचा म्हणाला असता तू कोण. आणि घरचे विरोधकही रोज तेच म्हणत होते की निवडून या, निवडून या, मग निवडणूक लावली तर घाई केली म्हणायचं. शिवाय २४ मार्चला सभागृह भरलं असतं तरी तिन्ही विरोधी पक्षांनी सरकार पाडायचं आधीच जाहीर केलेलं. पडून निवडणुकीला जाण्यापेक्षा स्वतःहून गेला, फरक किती पडला, एखाद-दोन आठवड्यांचा.

सभागृह नव्हतं म्हणून सरकार बंद होतं असंही नाही. मार्चच्या शेवटी गाड्यांवरच्या टॅरिफची घोषणा झाली तेव्हा कार्नी प्रचार सोडून ओटावाला परत गेला, २८ मार्चला ट्रम्पशी फोनवर बोलला, एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकन गाड्यांवर उलट टॅरिफ लावले. हे सगळं प्रचार चालू असतानाच.

खवट_काका

बंड्या, तू म्हणतोस तेच तर दुखणं आहे. प्रचार सोडून काय गेला, तोच प्रचार होता. पंतप्रधान म्हणून पोडियमवर उभं राहायचं आणि रात्री त्याचीच क्लिप पक्षाने फिरवायची. समोरच्या कंझर्व्हेटिव्ह पक्षाच्या पॉइलीव्हरकडे असं काय होतं? संकटात सत्ताधाऱ्याला फुकटचा स्टेज मिळतो आणि म्हणूनच हे लोक संकटात निवडणूक लावतात. कौलबिऊल सब झूट.

मीनल_ब

मी फेब्रुवारीच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर काम केलंय, तेव्हा थोडं लिहिते. ओंटारियोत १९८१ नंतर पहिल्यांदाच ऐन हिवाळ्यात निवडणूक झाली. त्याआधीच्या दोन आठवड्यांत आमच्याकडे एवढा बर्फ पडला होता की फुटपाथच्या कडेला छातीएवढे ढिगारे. शाळेच्या जिममध्ये आमची टेबलं, दारात पायपुसणी टाकलेली पण दहा वाजेपर्यंत त्यांचं सूप झालेलं, लोक बूट आपटत येणार, चष्म्यावर वाफ धरलेली, ओळखपत्र काढायला आधी ग्लोव्हज काढायचे मग जॅकेटची चेन मग आतला खिसा. एक आजी वॉकर घेऊन आल्या होत्या, त्यांच्या मुलाने गाडीपासून दारापर्यंत फावड्याने वाट केली तेव्हा आत आल्या. मतपत्रिका यंत्रात गेल्यावर मला म्हणाल्या, हे जूनमध्ये नसतं का करता आलं?

मतदान झालं ४५ टक्क्यांच्या आसपास. निम्म्याहून जास्त लोक आलेच नाहीत. यातून "भक्कम कौल" कसा निघतो ते मला खरंच कळलेलं नाही. आणि मतदानाच्या तोंडावर घरोघरी सरकारचे दोनशे-दोनशे डॉलरचे चेक आले होते ते कुणीच बोलत नाहीये.

नायगराकाठी

मीनलताई, चेकचा मुद्दा राहिलाच होता माझा. धन्यवाद.

कॅलगरीकर

मी जरा उलटं सांगतो. अनिश्चिततेत निवडणूक लावली की सत्ताधाऱ्याला फायदा होतो हे गृहीतकच कच्चं आहे, आमच्या अल्बर्टा प्रांताला विचारा. २०१४ च्या उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल सहा-सात महिन्यांत निम्म्यावर आलं. प्रीमियर जिम प्रेंटिस, माणूस अनुभवी, ८७ पैकी ७० आमदार हाताशी. कायद्याप्रमाणे २०१६ पर्यंत वेळ होता. पण त्यांनी कर वाढवणारं बजेट मांडलं आणि म्हणाले यावर लोकांचा कौल घेतो. ५ मे २०१५ ला लोकांनी ४४ वर्षांची पक्षाची सत्ता एका दिवसात घालवली, आणि आणली कुणाला तर डाव्या विचारांच्या एनडीपीला, अल्बर्टात! शेजारी सगळे तेलवाले इंजिनियर, दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुतक. ओंटारियोत १९९० ला डेव्हिड पीटरसनचं हेच झालं, १३० पैकी ९५ जागा असताना तीन वर्षांतच निवडणूक लावली कारण मंदी येताना दिसत होती, ती यायच्या आत उरकू म्हणून. लोकांना वास आला. बॉब रे ७४ जागा घेऊन प्रीमियर झाला.

म्हणून मला वाटतं लावू दे की लावायची तर. लोक बघून घेतात.

पिंपळपार (नाशिक)

आपल्याकडेही हेच. १९९९ ला युतीने महाराष्ट्र विधानसभा सहाएक महिने आधी बरखास्त केली, लोकसभेबरोबर होऊन जाईल म्हणून. राणे गेले आणि आघाडी बसली ती पंधरा वर्षं. २००४ ला वाजपेयींनी लोकसभा आठ महिने आधी बरखास्त केली, तीन राज्यं नुकतीच जिंकलेली, तरी गेले. फक्त तेव्हा हवा "सगळं छान चाललंय" अशी होती, तुमच्यासारखी टॅरिफची धाकधूक नव्हती, त्यामुळे तुलना पूर्ण लागू नाही.

एक शंका. तुमच्याकडे आचारसंहिता नसते का? इथे ती लागली की मंत्र्याला नारळ फोडायची चोरी, अन् तिकडे ऐन प्रचारात टॅरिफ लावतात?

शुभदा_ओकव्हिल

@पिंपळपार, इथे आपल्यासारखी आयोगाची आचारसंहिता नाही, परंपरा आहे. प्रचारकाळात सरकारने नेहमीचं, तातडीचं किंवा लांबवता न येणारं तेवढंच करायचं, मोठे नवे निर्णय टाळायचे. टॅरिफला उत्तर देणं तातडीचंच म्हणायला हवं.

कॅलगरीकर म्हणतात लोक बघून घेतात. घेतात, पण मधल्या पाच-सहा आठवड्यांची किंमत कोण देतं? २००८ आठवा. तेव्हाचे पंतप्रधान हार्परनी स्वतःच ठरलेल्या तारखेचा कायदा केला आणि स्वतःच तो बाजूला सारून ७ सप्टेंबरला निवडणूक जाहीर केली. १५ ला अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली. पुढचा महिनाभर जगातल्या बँका कोसळत होत्या आणि आमचे सगळे नेते बसमधून हात हलवत फिरत होते. १४ ऑक्टोबरला मतदान, परत अल्पमतातलंच सरकार, आणि डिसेंबरमध्ये ते पडू नये म्हणून संसदच स्थगित. सांगा, स्थैर्य कुठे मिळालं?

माझ्या नवऱ्याच्या ओळखीत एकांचं ऑटो पार्ट्सचं छोटं युनिट आहे, वीसेक माणसं. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्याकडे ऑर्डर रद्द झाल्या नव्हत्या, थांबल्या होत्या, ते जास्त वाईट. पॅलेटवर माल रॅप करून तयार, ट्रक नाही, कारण गिऱ्हाईक म्हणे पुढच्या आठवड्यात नियम काय असेल ते कळू दे. ओव्हरटाइम बंद, मग शुक्रवारची शिफ्ट बंद. मदतीच्या योजनेसाठी फोन केला तर उत्तर काय, निवडणूक झाल्यावर स्पष्ट होईल. त्या माणसाला कुणाचा कौल नको होता, त्याला तारीख हवी होती.

हॅमिल्टनचा_बंड्या

शुभदाताई, तुमचं युनिटवालं उदाहरण पटतं, पण ऑक्टोबरपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं? मार्च ते ऑक्टोबर सात महिने अल्पमतातलं सरकार, नवा पंतप्रधान बिनखासदारकीचा, रोज पडायची भीती, आणि सगळा देश प्रचाराच्या मूडमध्ये. त्या माणसाला तेव्हाही हेच उत्तर मिळालं असतं, निवडणूक झाल्यावर. आमच्या स्टीलवाल्या गावात जूनमध्ये टॅरिफ २५ चा ५० टक्के झाला. तेव्हा निदान सरकार जागेवर होतं.

नायगराकाठी

जागेवर होतं, पण त्याने केलं काय? बंड्याभाऊ, माझा खरा आक्षेप इथेच आहे. निवडणूक कशावर लढवली, तर "एल्बोज अप", म्हणजे हॉकीतल्यासारखं कोपर वर करून भिडायचं. लोकांनी त्यावर १६९ जागा दिल्या. जूनच्या शेवटी ट्रम्पने वाटाघाटी थांबवल्या, तर दोन दिवसांत बड्या टेक कंपन्यांवरचा डिजिटल कर रद्द करून टाकला. १ सप्टेंबरपासून उलट टॅरिफही बरेचसे काढले. शहाणपणाचं असेलही, मी त्यात शिरत नाही. पण याच्यासाठी कौल घेतला होता का? प्रचारात एकदा तरी म्हणाले होते की गरज पडली तर आम्ही मागे येऊ? फोर्डचंही तेच. कौल घेऊन ऑक्टोबरमध्ये माजी अमेरिकी अध्यक्ष रेगनच्या आवाजातली टॅरिफविरोधी जाहिरात अमेरिकेत लावली, ट्रम्प चिडला आणि चालू बोलणी बंद. त्याच महिन्यात ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात होणारी जीप कंपास गाडी अमेरिकेत इलिनॉयला चालली. अनिश्चिततेत घेतलेला कौल कोरा चेक असतो, कारण पुढे काय येणार हे ना मागणाऱ्याला माहीत ना देणाऱ्याला.

कॅलगरीकर

मग कोरा चेक नसलेला कौल कधी असतो? कोविड येणार हे २०१९ ला कुणाला माहीत होतं? लोक धोरण नाही हो निवडत, माणूस निवडतात. व्याजदर, बँका, संकट यातलं कुणाला कळतं एवढंच बघितलं त्यांनी. दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांचा गव्हर्नर राहिलेला माणूस समोर होता, बस. पॉइलीव्हर स्वतःच्या कार्लटन मतदारसंघात पडला तो उगाच नाही.

खवट_काका

माणूस निवडला म्हणता, तर बहुमताला लागणारे १७२ का नाही दिले त्याला? तीन कमी ठेवले. सत्ता हातात दिली आणि दोरी स्वतःकडे ठेवली. आता एक कंझर्व्हेटिव्ह फोडला, ग्रीन पक्षाच्या बाईंचं मत घेतलं, एनडीपीचे दोघं तटस्थ राहिले तेव्हा बजेट निघालं. एवढा खर्च करून आपण जिथे होतो तिथेच, अल्पमतात.

शुभदा_ओकव्हिल

काका, अल्पमत वाईटच असतं असं नाही, पण तो वेगळा धागा होईल. मला पुढचं विचारायचंय. अमेरिका-मेक्सिकोबरोबरच्या व्यापार कराराचा आढावा १ जुलै २०२६ ला ठरलाय. बहुमताला कमी पडणाऱ्या दोन जागांसाठी त्याच्या आधी वसंतात परत निवडणूक लावायचा मोह होईल असं वाटतं का कुणाला?

हॅमिल्टनचा_बंड्या

होईल आणि लावावीच. आढाव्याच्या टेबलावर बहुमत घेऊन बसणं आणि दोन मतांवर लटकत बसणं यात फरक आहे.

नायगराकाठी

लावली तर मी आयुष्यात पहिल्यांदा लावणाऱ्याच्या विरोधात मत देईन, पक्ष कुठलाही असो. ७८ बिलियनची तूट मांडून झालीये, तेवढे पैसे कुठे जातायत ते आधी दाखवा म्हणावं.

मीनल_ब

वसंतात असेल तर निदान बर्फ नसेल. बाकी माझं मत बदललेलं नाही.