निर्मूलन, दूरीकरण, उच्चाटन : रोगाच्या संदर्भात नेमका कोणता शब्द?

विचारणा

आरोग्यविषयक माहितीपुस्तिकेचा मजकूर तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आले आहे. त्यात 'राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम', 'राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रम' आणि 'हत्तीरोग दुरीकरण मोहीम' अशी शीर्षके असून प्रस्तावनेत 'संसर्गजन्य रोगांचे समूळ उच्चाटन' असाही प्रयोग आहे. एकरूपतेसाठी सगळीकडे 'निर्मूलन' करावे, असा माझा विचार आहे, कारण 'दूरीकरण' हा शब्द मला कृत्रिम वाटतो. या शब्दांत काही शास्त्रीय भेद आहे का? शिवाय 'दूरीकरण' लिहावे की 'दुरीकरण'?

प्रतिसाद

सगळीकडे 'निर्मूलन' करू नये, अशी आपणांस विनंती. साथरोगशास्त्रात 'निर्मूलन' आणि 'दूरीकरण' या दोन वेगळ्या संकल्पना आहेत आणि सरकारी मराठीने त्यांच्यासाठी दोन वेगळे शब्द वापरात आणले आहेत, ही त्या मराठीच्या बाजूने सांगण्यासारख्या मोजक्या गोष्टींपैकी एक आहे. ती संपादनात पुसली जाऊ नये.

१९९७ साली बर्लिनमध्ये रोगनिर्मूलनावरील डाहलेम कार्यशाळा भरली होती. तिथे ठरलेल्या व्याख्या आजही बऱ्याच अंशी प्रमाण मानल्या जातात. रोगाचे प्रमाण स्थानिक परिस्थितीत सुसह्य वाटेल इतके खाली आणणे, म्हणजे 'नियंत्रण'. एखाद्या ठरावीक प्रदेशात नव्या रुग्णांची संख्या शून्यावर आणणे ही त्याच्या पुढची पायरी. येथे शून्य गाठले तरी लसीकरण, पाहणी, औषधवाटप यांपैकी काही ना काही चालू ठेवावेच लागते, कारण रोगजंतू जगात अन्यत्र असतो आणि परत येऊ शकतो. संपूर्ण जगात रोगसंसर्ग कायमचा शून्यावर आला आणि प्रतिबंधाच्या उपायांची गरजच उरली नाही, तर ती त्याही पुढची पायरी होय. 'निर्मूलन' हा शब्द मी या शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवीन आणि मधल्या पायरीला 'दूरीकरण' म्हणेन.

शेवटच्या पायरीवर आजवर मानवाचा एकच रोग पोहोचला, तो म्हणजे देवी. 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा' ही भिंतीवरची घोषणा आठवणारे वाचक येथेही असतील. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीच्या निर्मूलनाची घोषणा केली आणि जगभर देवी काढणे थांबले. त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर तो वण नाही. जनावरांच्या रोगांत बुळकांडीने २०११ साली हीच पायरी गाठली. देवीचा विषाणू मात्र अमेरिकेतील अटलांटा आणि रशियातील कोल्त्सोवो येथील प्रयोगशाळांत अजून जतन केलेला आहे, म्हणून देवीचे निर्मूलन झाले असे म्हणता येते, पण देवीचा विषाणू 'नामशेष' झाला असे म्हणता येत नाही. डाहलेम कार्यशाळेने नामशेष होण्याच्या अवस्थेसाठीही स्वतंत्र संज्ञा ठेवली आहे.

आता कुष्ठरोगाकडे पाहू, कारण शब्दाच्या घोळाचा सर्वांत मोठा फटका याच रोगाच्या रुग्णांना बसला, असे माझे मत आहे. भारतात १९५५ साली सुरू झालेला 'नियंत्रण' कार्यक्रम १९८३ मध्ये बहुविध औषधोपचार हाती आल्यावर 'निर्मूलन' कार्यक्रम झाला. पुढे १९९१ साली जागतिक आरोग्य सभेने जे उद्दिष्ट ठरवले ते निर्मूलनाचे नव्हतेच. 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' कुष्ठरोग दूर करायचा, आणि दहा हजार लोकसंख्येमागे उपचाराखालील रुग्ण एकापेक्षा कमी झाले की तो दूर झाला असे मानायचे, असे ते उद्दिष्ट होते. म्हणजे 'दूरीकरण' येथे शून्याच्या नव्हे, तर ठरावीक रेषेखाली आणण्याच्या सैल अर्थाने घेतले गेले. भारताने राष्ट्रीय सरासरीने ही रेषा डिसेंबर २००५ मध्ये ओलांडली. बातम्यांत 'निर्मूलन' हाच शब्द आला आणि सामान्य वाचकाने कुष्ठरोग संपला असा त्याचा अर्थ घेतला.

या मोजमापात आणखी एक मेख आहे. दहा हजारांमागे एक हे प्रमाण एखाद्या क्षणी उपचार घेत असलेल्या रुग्णांचे आहे, वर्षभरात नव्याने सापडलेल्या रुग्णांचे नव्हे. समजा, दरमहा शंभर नवे रुग्ण सापडतात आणि प्रत्येकाचा उपचार चोवीस महिने चालतो. तर नोंदवहीत सुमारे २४०० नावे राहतील. उपचाराचा काळ बारा महिन्यांवर आणला की तीच नावे १२०० होतील, आणि दरमहा सापडणारे शंभर रुग्ण मात्र शंभरच राहतील. सांसर्गिक प्रकारच्या कुष्ठरोगाचा उपचारकाळ १९९० च्या दशकाच्या अखेरीस खरोखरच चोवीसवरून बारा महिन्यांवर आणला गेला. वैद्यकीयदृष्ट्या तो निर्णय योग्य होता, परंतु नोंदवहीतील घट म्हणजे संसर्गातील घट नव्हे. एकूण प्रमाणासाठी 'व्याप्ती' आणि नव्या रुग्णांच्या प्रमाणासाठी 'नवरुग्णदर' असे दोन शब्द आपण पुस्तिकेत कटाक्षाने वेगळे ठेवले, तर मोठे काम होईल. सध्या दोन्हींसाठी 'प्रमाण' हाच शब्द वापरला जातो.

आजही जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. जंतुसंसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात, त्यामुळे आरोग्यसेविकेने घरोघरी जाऊन बधिर चट्टा शोधण्याचे काम थांबवून चालत नाही. २०१६ पासून शोधमोहिमा पुन्हा मोठ्या प्रमाणावर हाती घ्याव्या लागल्या. शिवाय जे रुग्ण औषधाने जंतुमुक्त झाले, त्यांच्या बधिर तळव्यांवरच्या जखमा, एमसीआर (मऊ, सूक्ष्मछिद्री रबराच्या) चपला, बोटांच्या शस्त्रक्रिया हे सारे शिल्लकच असते. दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठरुग्णांसाठीच्या संस्था ज्या महाराष्ट्रात उभ्या राहिल्या, तेथील वाचकाला 'निर्मूलन झाले' असे सांगणे मला तरी अनुचित वाटते.

उपप्रतिसाद

आपला भेद मान्य आहे, परंतु 'दूरीकरण' हा शब्द वाचकाच्या मनात काहीच उभे करीत नाही. आमच्या भागातील आशा कार्यकर्त्या 'हत्तीरोग घालवायचा आहे' असे म्हणतात आणि ते सर्वांना कळते. वृत्तपत्रांत 'पोलिओ हद्दपार' असे मथळे आले तेही कळले. मग 'हद्दपार' का नको? आणि अधिक जोरकस शब्द हवा असेल तर 'उच्चाटन' आहेच.

प्रतिसाद

'हद्दपार' हा शब्द फार चांगला आहे, आणि एका विशिष्ट अर्थासाठी तो 'दूरीकरणा'हूनही नेमका आहे. ज्याला हद्दपार केले तो जिवंत असतो, हद्दीबाहेर असतो, आणि परत येऊ नये म्हणून पहारा ठेवावा लागतो. पोलिओचे भारतात नेमके हेच झाले. वन्य (लसीतून न आलेल्या, निसर्गातील) विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, आणि तरीही डोस चालू आहेत. 'पोलिओ संपला, मग डोस कशाला?' असे विचारणाऱ्या पालकांना 'हद्दपार' या शब्दातच उत्तर मिळते. नारू हा पाण्यातून होणारा कृमिरोगही असाच गेला. त्यावर लस नव्हती, औषध नव्हते. पायविहिरींचे पाणी गाळून पिण्याची सवय आणि हातपंप यांनी तो घालवला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ सालचा आहे.

परंतु हत्तीरोग किंवा कुष्ठरोग यांच्या दूरीकरणाच्या उद्दिष्टात शून्य नाही, रेषा आहे. रेषेखाली आलेल्या रोगाला 'हद्दपार' म्हटले तर ते खोटे ठरेल, कारण तो हद्दीतच असतो. नवजात धनुर्वाताचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, या निकषावर भारताने २०१५ साली त्याचे दूरीकरण साधले. मात्र धनुर्वाताचे जंतू बीजाणूरूपाने मातीत राहतात, त्यामुळे त्याचे निर्मूलन कधीच होणार नाही, आणि गरोदर स्त्रीला द्यायची लस किंवा नाळ कापण्यासाठी लागणारे निर्जंतुक पाते यांतून आपली सुटका नाही.

'उच्चाटना'विषयी माझे मत प्रतिकूल आहे. मंत्रशास्त्रातील मारण, मोहन, वशीकरण या मालिकेत तो शब्द येतो आणि तेथे त्याचा अर्थ एखाद्याला त्याच्या जागेवरून हुसकून लावणे असा आहे. म्हणजे ज्याला आपण सर्वांत जोरकस समजतो, तो व्युत्पत्तीने 'हद्दपारी'च्याच जवळचा निघतो. त्यात 'समूळ उच्चाटन' हा प्रयोग तर भाषणात शोभणारा आहे. माहितीपुस्तिकेत तो नसावा.

नावातील महत्त्वाकांक्षा किती महाग पडते, हे हिवतापाने दाखवले. १९५३ चा नियंत्रण कार्यक्रम पाच वर्षांत निर्मूलन कार्यक्रम झाला, साठच्या दशकाच्या मध्यास रुग्ण वर्षाला लाखाच्या आसपास आले, आणि १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. डीडीटी या कीटकनाशकाला न जुमानणारे डास आणि सैल पडलेली देखरेख ही त्याची प्रमुख कारणे. १९९९ मध्ये कार्यक्रमाच्या नावातून निर्मूलन काढून टाकले गेले.

राहिला ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न. स्पष्टीकरण, एकत्रीकरण, शुद्धीकरण यांप्रमाणेच 'दूरीकरण' हे संस्कृत घडणीचे रूप आहे, म्हणून 'दू' आणि 'री' दोन्ही दीर्घ. 'दुरून' या रूपात पहिले अक्षर ऱ्हस्व होते ते मराठी सामान्यरूपाच्या नियमाने. तो नियम येथे लागू नाही. सरकारी कागदांत 'दुरीकरण' पुष्कळ वेळा दिसते, तरीही आपण 'दूरीकरण' करावे. कार्यक्रमाचे अधिकृत नाव मात्र जसे आहे तसेच ठेवावे आणि 'कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम' या शीर्षकाखाली उद्दिष्ट काय आहे ते एका वाक्यात, आकड्यासह द्यावे.

विचारणा

आभारी आहे. त्याप्रमाणे बदल करीत आहे. जाता जाता, 'क्षयमुक्त ग्रामपंचायत' यातील 'मुक्त' चा अर्थ शून्य रुग्ण असा घ्यावा का?

प्रतिसाद

नाही. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या त्या सरकारी प्रमाणपत्राच्या निकषांत हजार लोकसंख्येमागे नोंदलेला रुग्ण एक किंवा त्याहून कमी असावा, अशी अट आहे. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात दोघे उपचार घेत असले तरी ते गाव 'क्षयमुक्त' ठरू शकते. पुरेशा संशयितांची तपासणी झालेली असणे हाही निकष आहे, कारण तपासणीच केली नाही तर रुग्ण सापडणार नाहीत. पुस्तिकेत या दोन्ही अटी एकत्र द्याव्यात. केवळ पहिली दिली, तर प्रमाणपत्र जाईल या भीतीने खोकला लपवणारी घरे निघतील.