गोल हेडलाइटच्या मागे काय दडलंय

एका मित्राने लिहिलंय की जुन्या रूपाच्या रोडस्टर (सरळ बसून चालवायच्या, समोर काचेचं आवरण नसलेल्या बाईक) म्हणजे नुसता देखावा, वेग हवा तर सरळ स्पोर्ट्स बाईक घ्यावी. मला हे अजिबात पटत नाही. ट्रायम्फ स्पीड ४०० या बाईकचंच उदाहरण घ्या. गोल दिवा, गोलसर टाकी, इंजिनावर जुन्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) गाड्यांसारख्या फिन्स, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या. पण आत ३९८ सीसीचं लिक्विड-कूल्ड (रेडिएटरमधल्या द्रवाने थंड होणारं) इंजिन, ४० पीएस (हॉर्सपॉवरसारखं एकक) ताकद, ६ गिअर, पुढे ४३ मिमीचे अपसाइड-डाउन फोर्क (उलटे बसवलेले पुढचे शॉक अॅब्सॉर्बर) आणि १७ इंची चाकं. वर मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोलही आहे. देखाव्यासाठी कुणी एवढं करत नाही! शिवाय ही गाडी आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

सोलापूरकरांसाठी मुद्दा उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रेडिएटर असलेलं इंजिन तापमान आटोक्यात ठेवतं. मात्र सात रस्ता चौकातल्या सिग्नलला थांबल्यावर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा पायावर येते. म्हणून टेस्ट राइड दुपारीच घ्या, सकाळच्या गारव्यात हे कळत नाही. शोरूमवाले नको म्हणाले तरी आग्रह धरा. जमलं तर तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊन या. वळणातून बाहेर पडताना मधल्या आरपीएमला (इंजिन ना फार हळू, ना फार जोरात फिरताना) मिळणारा जोर तिथे समजतो, आणि रुंद हँडलमुळे गाडी किती सहज कलते तेही.

स्पोर्ट्स बाईकवर मनगटांवर भार येतो. रोज ऑफिसला जायचं असेल तर सरळ बसणंच बरं.