‘फरार’, ‘पसार’ की नुसतं ‘न सांगता गेले’?

मनोरुग्णालयातला पेशंट कुणाला न विचारता वॉर्डातून निघून गेला, तर त्याला मराठीत काय म्हणायचं? एका रुग्णालयाचे कागद मी मराठीत करून देतेय. संमतिपत्र, डिस्चार्ज कार्ड सगळं झालं, पण ‘ॲबस्कॉन्डेड’ या एका चौकटीपाशी आठवडाभर अडलेय. आधी कुणीतरी तिथे ‘फरार’ लिहून ठेवलं होतं. तो कागद एका पेशंटच्या बहिणीच्या हातात पडला. भाऊ तोवर सापडलाही होता. वॉर्डाच्या पायजम्यावर स्वतःचा शर्ट चढवून एसटी स्टँडच्या बाकावर बसला होता. खिशात पैसे नव्हते, म्हणून गाडीत चढला नव्हता. बहिणीनं कागद वाचला आणि काउंटरवर आपटला. "फरार म्हंजे? त्यानं काय दरोडा घातला का?" कारकुनाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. सुचवा.



‘पलायन’ घ्या. शुद्ध, छापील, आणि कुणाला लागणार नाही.



लागेल हो. शब्दाच्या पोटात काही वाईट नाही हे खरं. परा म्हणजे दूर आणि अय् म्हणजे जाणे. ‘परायन’ व्हायचं ते पाणिनीच्या नियमानं र चा ल होऊन ‘पलायन’ झालं. म्हणजे नुसतं दूर जाणं! पण आपण तो शब्द वापरला रणांगणावरून पाठ दाखवणाऱ्यासाठी, नंतर ‘पलायनवादी’साठी, आणि आता पेपरात आरोपीसाठी. व्युत्पत्ती निर्दोष असली तरी वापरानं शब्द डागाळतोच.

‘फरार’चंही तसंच. मूळ अरबी, अर्थ नुसता पळ काढणं. पण मराठीत तो कचेरीतून आला आणि कचेरीचाच राहिला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ खाली कोर्ट ज्याची उद्घोषणा काढायचं, तो फरारी. तिथला इंग्रजी शब्दही ‘ॲबस्कॉन्डिंग’च. पोलीस आणि दवाखाना दोघांनी एकच शब्द वापरला, आणि मराठी करताना आपण पोलिसांचा अर्थ उचलला. ताईंच्या फॉर्मवर झालं ते हेच.

‘पसार’ आणि ‘पोबारा’ विचारूसुद्धा नका. पोबारा हे मुळात सोंगट्यांचं दान, ‘पौ बारा’. दान मनासारखं पडलं की सोंगटी सुटली. बातमीत मनोरुग्ण ‘कर्मचाऱ्यांच्या हातावर तुरी देऊन पसार’ होतो, तेव्हा लिहिणाऱ्याला जरा मजाच वाटत असते. तापाचा पेशंट न सांगता घरी गेला तर त्यानं कुणाच्या हातावर तुरी दिल्याचं मी अजून वाचलेलं नाही.



मी वॉर्डात बारा वर्षं काढली आहेत, तेव्हा आमचे शब्द सांगते. केसपेपरवर ‘ॲबस्कॉन्डेड’ लिहितो, बोलताना ‘पेशंट ॲबस्कॉन्ड झाला’ म्हणतो. ‘लामा’ (लेफ्ट अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस) वेगळा. तिथे डॉक्टर नको म्हणत असताना पेशंट किंवा नातेवाईक सही करून जातात. सही असली तर लामा, नसली तर ॲबस्कॉन्ड, इतकं साधं आहे.

पण पहिल्यांदा कळतं तेव्हा हे दोन्ही शब्द नसतात. जेवणाची ताटं मांडली की मामा (वॉर्डबॉय) मोजतात, परत मोजतात, मग टेबलाजवळ येऊन हळू आवाजात म्हणतात, "सिस्टर, एक कमी भरतोय." पुढची दहा मिनिटं संडास, गच्ची, जिन्याखाली, कपडे वाळत घालायची जागा. मग गेट. फोन त्यानंतर.

आणि ‘पळून’ हा शब्द तर मुळीच नको. पळणारे मी फार थोडे पाहिले. भेटीच्या वेळी दुसऱ्याच्या नातेवाइकांच्या घोळक्यात मिसळून, चालत, पिशवी हातात धरून जातात. कुणाला बिडी हवी असते, कुणाची पेरणी राहिलेली असते, कुणाला शेजारच्या कॉटवरच्याची भीती वाटते. एक आजोबा गॅस बंद केलाय का बघायला निघाले होते.

बाईच्या बाबतीत ‘पळून गेली’ लिहिलं तर गावात काय अर्थ होतो ते सांगायला नको. अमेरिकन पुस्तकांत या प्रकाराला ‘एलोपमेंट’ म्हणतात. आमच्या एका विद्यार्थिनीनं डिक्शनरी उघडून ‘एलोपमेंट रिस्क’ची नोंद मराठीत केली होती: ‘पळून जाऊन लग्न करण्याचा धोका’. पेशंट सत्तरीचे होते.



वकिली करतो, म्हणून कायद्याचे शब्द देतो. १९१२च्या ल्यूनसी ॲक्टमध्ये ‘एस्केप’ आणि ‘रीकॅप्चर’ होतं. सरळ तुरुंगाची भाषा, निसटणे आणि पुन्हा पकडणे. आपल्या बोलण्यात ती अजून आहेच. ‘ठाण्याहून सुटून आलायस का’, ‘येरवड्याला पाठवा याला’. येरवड्यात तर तुरुंग आणि मनोरुग्णालय दोन्ही, त्यामुळे कुठे पाठवताय ते विचारावं लागतं.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं हे बरंच बदललं. तो २९ मे २०१८पासून लागू आहे. सज्ञान माणूस स्वतःहून दाखल झाला असेल तर त्यानं मागितला की डिस्चार्ज द्यायचा. ठरावीक कारणांसाठी डॉक्टर फार तर २४ तास थांबवून तपासू शकतात. अशा माणसाला ‘फरार’ म्हणणं म्हणजे लॉजच्या गिऱ्हाइकाला फरार म्हणण्यासारखं. (बिल बुडवलं तर गोष्ट निराळी.) न विचारता जाण्याबद्दलचं कलम ९२ आहे ते तुरुंगातून उपचाराला आणलेल्या कैद्यांपुरतं, आणि त्यांच्यासाठीसुद्धा शब्द ‘अटक’ नाही, ‘संरक्षणात घेणे’ आहे. कलम १००मध्येही तेच. पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या रुग्णाला कोठडीत ठेवता येत नाही. बातमीदार मात्र ‘ताब्यात घेतले’च लिहितात.



‘विनारजा’ कसा वाटतो? इंग्लंडच्या १९८३च्या कायद्यात ‘ॲब्सेंट विदाउट लीव्ह’ आहे, त्याला जवळचा. आणि रजा म्हणजे मूळ अरबीत संमती, खुशी. राजी त्यातलाच, राजीनामाही. आपण मात्र रजेला हजेरीपटात कोंबलं. ‘विनारजा’ म्हणजे संमतीविना, मूळ अर्थ बरोबर बसतो.



बसतो, पण ‘विनारजा गैरहजर’ वाचून त्याचा पगार कापतील असं वाटतं. शिवाय संमती कुणाची? स्वतःहून आलेल्याला जायला रजा लागत नाही, हे वर वकीलसाहेबांनी सांगितलंच आहे.



सगळ्यांचे आभार. ‘फरार’ खोडलं. एका चौकटीच्या दोन केल्या. स्वतःहून दाखल झालेल्यांसाठी ‘डिस्चार्ज न घेता गेले’, बाकीच्यांसाठी ‘न सांगता वॉर्डाबाहेर गेले’. नाम सापडलं नाही, क्रियापदावर भागवलं. खाली शेवटचं कधी व कुठे दिसले, अंगावर काय होतं, घरी कुणी कळवलं. ‘सापडले’ऐवजीही काही सुचत असेल तर सांगा, हरवलेल्या छत्रीसारखं वाटतं ते.



‘परत आले’ लिहा ताई, आणि ‘आणले’ची चौकट वेगळी ठेवा. काही जण जेवणाच्या वेळेला आपले आपण येतात. गॅसवाले आजोबा आले होते. गॅस बंदच होता म्हणाले.