प्रायोगिक कादंबरी की प्रयोगशील?

तापीकाठी : वाचनालयाच्या अंकासाठी एका कादंबरीचं परीक्षण लिहिलं. नायक लेखक, कर्जात बुडालेला, लिखाण ठप्प. त्यानेच पूर्वी एका कथेत लिहिलेला वसुलीवाला कागदातून उठतो आणि त्याच्या दारात येऊन बसतो. कल्पना झकास. पण दारात बसवल्यावर पुढे त्याचं करायचं काय, हे कादंबरीकाराला सुचलेलं नाही. मग मधेच कोरी पानं, विजेचं बिल जसंच्या तसं छापलेलं, एका प्रकरणात विरामचिन्हंच नाहीत. मी लिहिलं, 'प्रयोगशील, पण फसलेली कादंबरी'. संपादकांनी 'प्रायोगिक' केलं. म्हणाले, 'शील' माणसाला लागतं, पुस्तकाला नाही. पटतं का?

जुने मास्तर, अमळनेर : संपादक बरोबर आहेत. शील म्हणजे स्वभाव. दानशील, क्षमाशील, सहनशील. प्रयोग करतो लेखक. कादंबरी बिचारी सोसते.

केळीबाग : सर, पेट्रोलच्या टँकरवर 'ज्वलनशील' लिहितात. पेट्रोलला कसला आला स्वभाव? आमच्या रावेरकडे प्रयोगशील शेतकरी म्हणजे ज्याने सगळ्यांच्या आधी बसराई केळी सोडून ग्रँड नैन जातीची लावली, ठिबक टाकलं. प्लॉट मात्र प्रायोगिक. थोड्या रानात करून बघायचं, जमलं तर पुढे. कादंबरी किती पानांची आहे?

तापीकाठी : तीनशेच्या वर.

केळीबाग : एवढ्या रानात कुणी करून बघत नाही भो.

भरीतपुरी : 'प्रायोगिक' म्हटलं की मला बारावीचं जर्नल आणि सह्यांची रांग आठवते. नाटकाला तो शब्द शोभतो, दादरच्या छबिलदास शाळेत नाटकं व्हायची त्या दिवसांपासून रुळलाय, कारण नाटकाचा प्रयोगच असतो. तो रंगतो, पडतो. कादंबरीचा प्रयोग कुठल्या थिएटरात लागतो? त्यापेक्षा सरळ 'एक्सपेरिमेंटल' लिहा, सगळ्यांना कळतं.

जुने मास्तर, अमळनेर : कळतं म्हणून काहीही लिहायचं? प्रयोग व्याकरणातही आहे. कर्तरी, कर्मणी, भावे. वर्णनावरून ही कादंबरी भावे प्रयोगातली दिसते. क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही आणि कर्माचंही नाही.

तापीकाठी : सर, हे वाक्य परीक्षणात घेतो!

धुळ्याची लेक : त्या वसुलीवाल्याला काय म्हटलंय? 'मानसपुत्र' असेल तर खोडा. मरीची, अत्री हे ब्रह्मदेवाचे मानसपुत्र, ते वसुलीला नाही आले. आमच्याकडे मानसपुत्र म्हणजे मानलेला मुलगा, ज्याच्या नावावर शेत करायला निघालं की भाऊबंद कोर्टात जातात.

तापीकाठी : तेच लिहिलंय ताई. 'पात्र' लिहावं तर 'ते पात्र दारात आलं आणि म्हणालं' असं होतं. एवढा मिशाळ गडी नपुंसकलिंगात कसा घालू? आणि अंक उद्या छपाईला जातोय, मूळ प्रश्न तसाच आहे.

भरीतपुरी : 'कादंबरी' तरी काय, बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. बाणभट्ट ती अर्धी ठेवून गेला, मुलाने पुरी केली. सख्ख्या मुलाने. त्या शब्दाचा एक अर्थ मद्य असाही आहे, तुमच्या कादंबरीकाराने तो घेतला असावा.

अहिराणी बोला : 'आंडोर' म्हना ना भाऊ, म्हंजे मुलगा! लेखक डोकं धरून बसलाय, 'मना आंडोर मनं ऐकत नही.' झाली कादंबरी, तीनशे पानं वाचली. दर वेळी संस्कृतच्या दारात उभं राहायचं कशाला? बहिणाबाईंचं कधी अडलं का?

जुने मास्तर, अमळनेर : बहिणाबाई आसोद्याच्या. त्यांची बोली लेवा, अहिराणी नव्हे.

अहिराणी बोला : सगळं खान्देशच ना सर.

केळीबाग : असं कसं सगळं एक? आम्ही केळीला केयी म्हणतो.

धुळ्याची लेक : 'ळ'चा 'य' आमच्याकडेही होतो. डोया, काया. त्यावर वेगळेपण ठरत नाही. क्रियापद बघा. 'मी करस' म्हणता का तुम्ही?

केळीबाग : नाही. 'करू राह्यलो'.

धुळ्याची लेक : मग तेच तर. माझ्या माहेरी 'करस', सासरी 'करू राह्यली'. माझा मुलगा दोन्ही एका वाक्यात बोलतो, आणि शाळेत बाई दोन्हीला लाल रेघ मारतात.

जुने मास्तर, अमळनेर : मारायलाच हवी.

अहिराणी बोला : का मारायला हवी सर? सांगाच आता.