ऐतिहासिक रंग आणि इंजिनाचे रूप

प्रश्न: जुन्या वाफेच्या इंजिनाला त्याच्या उमेदीच्या काळातील रंग दिला, पण नंतरचे फेरबदल तसेच ठेवले, तर तो रंग इतिहासाशी प्रामाणिक ठरतो का?

प्रतिसाद १: माझ्या मते नाही. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे ब्रिटनमधील १९२३ चे इंजिन सफरचंदी हिरव्या रंगात आणि ४४७२ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. परंतु दुहेरी धुराडे आणि धूर वर वळवणारे पत्रे त्याला पुढे ‘ब्रिटिश रेल्वे’ या तिथल्या सरकारी रेल्वेच्या काळात बसवले गेले, म्हणूनच मोठ्या दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ते त्या काळातील गडद हिरव्या रंगात, ६०१०३ या क्रमांकासह रुळांवर परतले, हे मला अत्यंत योग्य वाटते.

प्रतिसाद २: वाफेच्या इंजिनांपुरते मान्य. मात्र नॉरफोक सदर्न या अमेरिकी कंपनीने २०१२ मध्ये २० आधुनिक डिझेल इंजिनांवर आपल्या पूर्वसूरी रेल्वे कंपन्यांचे रंग चढवले, तेव्हा ती इंजिने जुनी असल्याचा दावा कोणी केला नव्हता. ती मालगाड्या ओढतात आणि त्यांची छायाचित्रे टिपण्यासाठी छंदिष्ट तासन्‌तास थांबतात. ही आदरांजली मला मनापासून भावते.

प्रश्नकर्ता: म्हणजे जतन केलेल्या इंजिनाला कठोर निकष लावावा आणि चालत्या ताफ्याला मोकळीक द्यावी, हे मला पटते.