नाव काहीही द्या, ओढ खरी असते

‘खाण्याचे व्यसन वगैरे काही नसते, तो निव्वळ मनाचा दुबळेपणा आहे’ असे काही जण म्हणतात; हे मत मला मान्य नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानसूचीत अन्नाचे व्यसन हा विकार नाही, हे खरे. मात्र ताबा सुटून थोड्या वेळात अतोनात खाण्याच्या विकाराला तिच्यात स्वतंत्र स्थान मिळाले आहे. आहारावर संशोधन करणारे अमेरिकेतील शास्त्रज्ञ केव्हिन हॉल यांच्या २०१९ सालच्या प्रयोगात वीस जणांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचा आहार दिला गेला. समोर ठेवलेल्या अन्नातील साखर, मीठ आणि स्निग्धांश यांचे प्रमाण जुळते ठेवूनही, कारखान्यात अतिप्रक्रिया झालेल्या आहारावर तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती. तीच माणसे दोन आठवड्यांपुरती दुबळी झाली, असे कसे म्हणावे?

माझी अडचण दुपारी चारच्या फरसाणाची होती. ओट्याशी उभ्यानेच डब्याचे झाकण उघडायचे, मुठीमागून मूठ घ्यायची आणि तळाचा चुरा बोटाला लागला की भानावर यायचे. दुपारचे जेवण घाईत उरकले त्या दिवशी हे हमखास घडे. आता जेवणात वाटीभर उसळ असतेच, फरसाण वाटीत काढून बसूनच खाते, आणि तरीही हात शिवशिवला तर पंधरा मिनिटे चालून येते; तेवढ्यात लाट बहुधा ओसरते. कडकडीत उपवासाने मात्र माझे खाणे दुसऱ्या दिवशी दुप्पट झाले होते. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करावीशी वाटत असेल, तर कृपया मानसोपचारतज्ज्ञांना लवकर भेटा.