पोराला सरळ विचारू का, "जीव द्यावासा वाटतो का" म्हणून?

फलटणची आई
मुलगा दहावीत, सोळावं चालू आहे. गणपतीपर्यंत शाळेतून आला की दप्तर टाकून आधी रेडकापाशी पळायचा. आता गोठ्याकडं फिरकत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा, सकाळी डोळे तांबारलेले. परवा दप्तर धुवायला काढलं तर आतल्या कप्प्यात पंक्चरच्या सोल्यूशनच्या तीन रिकाम्या ट्यूब. आमच्या घरात सायकलच नाही. रुमालालाही तोच वास. आणि भूमितीच्या वहीत मागच्या पानावर बारीक अक्षरात, "मी नसलो तर पप्पांचा खर्च तरी वाचेल."

वही होती तशी ठेवली. ह्यांना फक्त ट्यूबचं सांगितलं, तर म्हणाले, दोन कानाखाली दिल्या की सरळ होतोय. वहीचं कुणालाच बोलले नाही. विचारावं म्हटलं तर भीती वाटते, त्याच्या मनात नसलं तर मीच घालून द्यायची. काय करू?

निवृत्त सिस्टर
ताई, आजच विचारा. विचारल्यानं तसलं मनात भरतं, हा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. मी २६ वर्षं नर्स होते, तरी पोटच्या पोरीला विचारायला आठ दिवस घालवले. शेवटी शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा विचारलं, "बाळा, जीव द्यावासा वाटतो का तुला?" तिनं मान वर केली नाही. दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकायला लागली. बऱ्याच वेळानं "हो" म्हणाली. आज ती २४ वर्षांची आहे.

पण आधी एक करा. फवारणीची औषधं घरात असतील तर आज रात्रीच्या आत दुसरीकडं कुलपात जाऊ द्या. मग विचारा. "हो" म्हणाला तर ओरडू नका, "आमचा तरी विचार कर" हे तर अजिबात नको. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आधी तुम्ही स्वतः लावला तरी चालतो.

सोल्यूशन हुंगून पोरं नशा करतात, त्याला किरकोळ समजू नका. त्यानं हृदयाचे ठोके बिघडून माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. ओढताना सापडलाच तर अंगावर धावून जाऊ नका, पाठलाग करू नका. दचकण्यानंच धोका वाढतो.

पुण्याचा काका
सरळ इथल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात आणा. १९८६ पासूनचं काम आहे, माझा भाऊ तिथूनच सुटला.

निवृत्त सिस्टर
दादा, मुक्तांगणबद्दल मलाही आदर आहे, पण आधी वहीतलं वाक्य. व्यसनाचं डॉक्टर बघतीलच.

हायस्कूलचे सर
वहीचं वडिलांना आजच सांगा. "खर्च" हा शब्द पोरानं कुठून तरी उचललाय. क्लासची फी भरताना घरात काय बोलणं झालं, आठवून बघा. आणि पोलिसांची भीती धरून दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूससुद्धा तणावाखाली आहे असंच धरायचं, शिक्षा करायची नाही.

फलटणची आई
काल संध्याकाळी धार काढताना विचारलं, तोंडाकडं न बघता. "कधी कधी वाटतं," म्हणाला. मग रेडकाच्या गळ्यात हात टाकून रडला. मी १४४१६ ला फोन लावला, बाई अर्धा तास बोलल्या, शेवटी तोही दोन मिनिटं बोलला. ह्यांना वही दाखवली. फीचं तेच बोलले होते, जूनमध्ये, जेवताना. काही न बोलता औषधाचे डबे गाडीवर बांधून भावाच्या वस्तीवर ठेवून आले आणि रात्री त्याच्याशेजारी अंथरूण टाकलं. आता साताऱ्याच्या एसटीत आहोत, तिघंही. सिस्टर, केसपेपर काढताना खिडकीवर काय सांगायचं? रांगेत सगळ्यांसमोर सांगावं लागतं का?

निवृत्त सिस्टर
नाही. "मानसोपचार" एवढंच म्हणा, बाकी आत डॉक्टरांना. वही सोबत आहे ना?